पिस्तूल प्लास्टिकचं झालं, पुंगळी पितळेचीच का राहिली?

घरातल्या पितळेची जागा प्लास्टिकनं कशी घेतली, ते माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. पितळी घागर माळ्यावर गेली आणि तिच्या जागी पिंप आलं. नळाची तोटी बदलली, पंपाच्या आतला पंखा बदलला. मोटारीच्या इंजिनात हवा नेणारे ॲल्युमिनियमचे जाडजूड भागसुद्धा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे होऊ लागले. मी प्लास्टिक मोल्डिंगच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे धातूची वस्तू हातात आली की पहिला विचार येतो तो एकच: हे प्लास्टिकच्या दाण्यातून काढता येईल का?

बंदुकीच्या जगातही हे झालं आहे. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ग्लॉक १७ हे पिस्तूल स्वीकारलं. त्याचा सांगाडा, म्हणजे हातात धरायचा सगळा भाग, नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा. तेव्हा अनेकांना ते खेळणं वाटलं. आज जगभरच्या पोलिसांच्या कमरेला तशीच पिस्तुलं दिसतात. पण त्या पिस्तुलात जे ९ मिलिमीटरचं काडतूस भरतात, ते जर्मनीत गेओर्ग लुगरनं १९०२ साली आणलेलं आहे आणि त्याची पुंगळी बहुतेक वेळा आजही पितळेचीच असते. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची, चार ग्रॅम वजनाची ही वस्तू प्लास्टिकला का दाद देत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. आपण बोलताना सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. खरं तर पूर्ण वस्तू म्हणजे काडतूस. त्याच्या टोकाला बसवलेली गोळी हीच काय ती नळीतून बाहेर जाते. मागे तळाशी प्रायमर असतो. पिस्तुलाची सुई त्यावर आपटली की ठिणगी पडते. मध्ये दारू. आणि या तिघांना धरून ठेवणारी नळकांडी म्हणजे पुंगळी. गुन्ह्याच्या बातम्यांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं छापून येतं, ती हीच.

पुंगळी ही डबी आहे असा समज असेल, तर प्लास्टिक का चालत नाही हे कधीच कळणार नाही. डबी तर कागदाचीही चालते, आणि एके काळी ती कागदाचीच होती. काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला तेव्हा काडतूस म्हणजे कागदाची सुरळी होती. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एनफिल्ड बंदुकीची काडतुसंही चरबी लावलेल्या कागदाचीच होती आणि दातांनी तोडावी लागत. मागून भरायच्या बंदुका आल्या तसे कागदाचे दिवस भरले, कारण आता मागची फट बंद कोण करणार हा प्रश्न उभा राहिला. ती फट बंद करणं हेच पुंगळीचं खरं काम आहे.

आपल्या स्वयंपाकघरातला आतल्या झाकणाचा प्रेशर कुकर आठवा. त्याचं झाकण आतून वर येऊन काठाला टेकतं. वाफेचा दाब जितका वाढेल तितकं झाकण काठावर अधिकच घट्ट दाबलं जातं. जी वाफ बाहेर पडायला बघते, तीच स्वतःची वाट बंद करते. पुंगळीचं तसंच आहे. दारू पेटली की आतला वायू पुंगळीची पातळ भिंत बाहेर ढकलतो, ती पिस्तुलाच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, चिकटून बसते आणि वायूला मागे, म्हणजे गोळी झाडणाऱ्याच्या तोंडाकडे, यायला जागाच उरत नाही.

फरक दाबाचा आहे. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरण जास्त असतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसात युरोपीय नियमानुसार कमाल दाब २,३५० बार धरला आहे, म्हणजे वातावरणाच्या सुमारे २,३०० पट. दारूच्या ज्वाळेचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. आणि हे सगळं साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात होऊन जातं.

यानंतरचं काम तितकंच महत्त्वाचं आहे. दाब उतरताच पुंगळीनं पुन्हा थोडं आकसलं पाहिजे, नाहीतर ती चेंबरमध्ये अडकून बसेल. पिस्तुलाचा आकडा तिला कडेला धरून मागे ओढतो आणि बाहेर फेकतो. तिला हे सगळं सोसायचं असतं. म्हणजे फुगायचं, चिकटायचं, सुटायचं आणि ओढलं गेलं तरी तुटायचं नाही.

पितळ इथे इतकं शोभतं याला कारण आहे. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे मिश्रण थंड असतानाच ओढून लांब करता येतं. गोल चकती कापायची, तिची वाटी करायची, ती वाटी टप्प्याटप्प्यानं ओढत नळकांडी करायची, आणि मधूनमधून तापवून मऊ करायची. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हे वेगळं शिकवायला नको. ठोकलं की धातू कडक होतो, तापवला की मऊ, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. पुंगळीत हाच गुण फार हुशारीनं वापरला आहे. तिचा तळ कडक ठेवतात, कारण आकड्याचा ओढा आणि प्रायमरचा खड्डा तिथेच असतो. तोंडाकडचा भाग त्या मानानं मऊ ठेवतात, म्हणजे तो चटकन फुगतो आणि तडकत नाही. एकाच धातूच्या एकाच तुकड्यात दोन स्वभाव. मला स्वतःला ही गोष्ट फार सुंदर वाटते, आणि साच्यातून एका दमात निघणाऱ्या प्लास्टिकला ती जमत नाही.

मग पोलाद का नको? चालतं, आणि वापरलंही आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल इथल्या क्रायस्लरच्या कारखान्यात पिस्तुलाच्या .४५ इंची काडतुसांच्या पुंगळ्या पोलादाच्या झाल्या. सोव्हिएत संघानं तर पोलादाची वाट कायमचीच धरली. पण पोलाद पितळेच्या जवळजवळ दुप्पट ताठ असतं, त्यामुळे फुगल्यावर ते कमी आकसतं, शिवाय गंजतं, म्हणून त्याला लेप लावावा लागतो. ॲल्युमिनियमच्याही पुंगळ्या निघतात. त्या स्वस्त आणि हलक्या असतात, पण पुन्हा भरून वापरण्यासारख्या नसतात.

आता प्लास्टिककडे येऊ. नायलॉनचा ताठपणा पितळेच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतका असतो. काचतंतू घातले की तो तीन-चार पट होतो, पण मग ते प्लास्टिक ताणलं जाण्याऐवजी तडकतं. ऐकल्यावर वाटतं, विषयच संपला. तसं नाही. पुंगळीची भिंत एकटी दाब सोसत नाही, तिला बाहेरून चेंबरच्या पोलादाचा आधार असतो. प्लास्टिकनं फक्त मध्ये राहून फट बुजवायची. आणि फट बुजवण्यात प्लास्टिक वाकबगार आहे.

बारा बोरच्या बंदुकीनं हे कधीच सिद्ध केलं. १९६० साली अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीनं छऱ्यांच्या काडतुसाला पॉलिथिलीनची नळी दिली आणि काही वर्षांतच कागदी काडतुसं मागे पडली. आज छऱ्यांचं काडतूस म्हटलं की लाल किंवा हिरवं प्लास्टिक आणि खाली पिवळी धातूची टोपी, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. मात्र बारा बोरचा कमाल दाब ९ मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश असतो. आणि नीट पाहा, तळाला तिथेही धातू आहेच. ज्या जागी आधार नाही आणि ओढा आहे, तिथे धातू. जिथे आधार आहे, तिथे प्लास्टिक. पुढचे बहुतेक प्रयत्न याच तोडग्याभोवती फिरले.

हातातल्या शस्त्रासाठी सर्वात धाडसी प्रयत्न डेव्हिड डार्डिक या अमेरिकन माणसानं १९५० च्या दशकात केला. कनेक्टिकट राज्यात त्याच्या कंपनीनं एक विचित्र हातबंदूक बनवली. तिच्या फिरत्या चाकातले खाचे बाहेरच्या बाजूनं उघडे होते. काडतूस कडेनं आत सरकायचं, वर येऊन उडायचं आणि पुढे सरकून बाहेर पडायचं. त्यासाठी काडतूस गोल नसून फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखं होतं आणि पुंगळी प्लास्टिकची होती. उडताना त्या पुंगळीची एक बाजू थेट पिस्तुलाच्या सांगाड्याला टेकायची. कल्पना बुद्धिमान होती, पण त्या काडतुसासाठी वेगळं पिस्तूल लागायचं आणि त्या पिस्तुलासाठी वेगळं काडतूस. त्याचे फार थोडे नग निघाले आणि कंपनी लवकरच बंद पडली. मला यातून एक गोष्ट पटते: डार्डिकनं प्लास्टिकच्या स्वभावाप्रमाणे पिस्तूल बदललं. बाकी सगळे पितळेसाठी घडवलेल्या चेंबरमध्ये प्लास्टिक बसवायला निघाले.

तिथे आडवी येते ती ०.३ मिलिमीटरची भिंत. ९ मिलिमीटरच्या पुंगळीचं तोंड बाहेरून ९.६५ मिलिमीटर असतं आणि आत बसणारी गोळी ९.०१. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ०.६४, एका बाजूला ०.३२ मिलिमीटर. आपल्या वहीच्या तीन कागदांइतकी जाडी. एवढ्या पातळ पोकळीत वितळलेलं प्लास्टिक शेवटपर्यंत पोचवणं अशक्य नाही, पण साच्यात दोन बाजूंनी आलेले प्रवाह जिथे भेटतात तिथे एक शिवण राहते. ही शिवण बादलीत चालते, आणि खुर्चीत तीच पहिली तडकते. इथे तर ती शिवण पुंगळीच्या सर्वात नाजूक जागी येणार. भिंत जाड करायची सोयही नाही. बाहेर चेंबर ठरलेलं, आत गोळी ठरलेली. खालच्या भागात भिंत जाड केली, तर दारूची जागा कमी होते, आणि जागा कमी झाली की दाब चढतो. पुंगळी इतकी लहान की एक चिमूट जागासुद्धा मोलाची.

त्यात आणखी एक अडचण. रिव्हॉल्व्हरच्या, म्हणजे फिरत्या चाकाच्या हातबंदुकीच्या, काडतुसाला तळाशी बाहेर आलेली कडा असते. तीच चाकाच्या काठावर अडते आणि काडतूस किती आत जायचं ते ठरतं. ९ मिलिमीटर आणि .४५ या पिस्तुली काडतुसांना तशी कडा नसते. ती आत जाऊन तोंडाच्या काठावर थांबतात. स्प्रिंगच्या जोरावर पिस्तुलाची वरची सरकती पाटी धाडकन पुढे येते आणि तो सगळा धक्का त्या ०.३ मिलिमीटरच्या काठावर बसतो. पितळ तो धक्का खाऊन जसंच्या तसं राहतं. त्या जागी प्लास्टिक असेल, तर काठ दबेल का, मुरडेल का, हजारदा तसाच राहील का, याची खात्री देणं मोल्डिंगवाल्याला सोपं नाही. म्हणूनच पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर प्लास्टिकला जवळचं आहे, असं माझं मत आहे.

तळाची गोष्ट वेगळी. पिस्तुलात काडतूस खालून वर सरकत चेंबरमध्ये जातं. त्यासाठी चेंबरच्या तोंडाशी खालच्या बाजूला एक उतार कापलेला असतो, आणि त्या एवढ्याशा जागेत पुंगळीला कुणाचाच आधार नसतो. तिथे धातूच हवा. मग तळ धातूचा आणि वरचा भाग प्लास्टिकचा, असं जोडकाम आलं. आणि जोड आला की कमकुवत जागा आली. आकडा तळ ओढून बाहेर काढतो आणि प्लास्टिकची बाही चेंबरमध्येच राहून जाते, ही सर्वात मोठी धास्ती. पुढचं काडतूस मग आत जाऊच शकत नाही. मैदानावर सरावात असं झालं तर वेळ जातो. जीव धोक्यात असताना झालं तर काय, हे सांगायला नको.

आमच्या धंद्यात पावसाळा लागला की नायलॉनचा दाणा आधी वाळवावा लागतो. वाळवला नाही तर मालावर चांदीसारख्या रेघा उमटतात. नायलॉन हवेतली ओल पितं आणि ओल प्यायलं की फुगतं, मऊ पडतं. नेहमीच्या हवेतच ते वजनाच्या दोन-अडीच टक्के पाणी घेतं. शंभराव्या मिलिमीटरवर बेतलेल्या वस्तूला हे परवडत नाही. कोरडं नायलॉनसुद्धा ६०-७० अंशांच्या आसपास झपाट्यानं ढिलं पडतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत तेवढं तापमान सहज होतं. शिवाय प्लास्टिकला सैल पडायची सवय असते. गोळीला घट्ट धरून बसलेलं तोंड वर्षानुवर्षं ताणात राहिलं की हळूहळू पकड सोडतं. याला उपाय आहेत. पॉलिसल्फोनच्या जातीची प्लास्टिकं पाणी कमी पितात आणि जास्त उष्णता सोसतात. दवाखान्यात वाफेनं निर्जंतुक करायचे ट्रे त्याच जातीचे असतात. पण त्यांचा दाणा नायलॉनपेक्षा बराच महाग, आणि इथे तर सगळी स्पर्धा चार ग्रॅम पितळेशी.

अर्थात पितळेलाही पावसाळ्यानं एकदा चांगलंच रडवलं होतं, आणि तेही आपल्याच देशात. ब्रिटिश सैन्याची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत. पावसाळा सरता सरता पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या आढळायच्या, हात न लावता. ऋतूबरोबर येते म्हणून या चिरेला इंग्रजांनी नावही ऋतूवरूनच दिलं. उलगडा झाला तो १९२१ साली. घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसायचा आणि ओढकामात धातूत अडकून राहिलेल्या ताणाच्या जागी ते पितळ चिरायचा. मग पुंगळी हलकेच तापवून तिच्यातला ताण घालवायचा, हा उपाय रुळला. आज जे निर्धोक वाटतं ते पितळ असं चुका करत, सुधारत इथवर आलं आहे. प्लास्टिकला अजून तेवढा काळ मिळालेला नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

उष्णतेबद्दल थोडक्यात. पितळ नायलॉनपेक्षा सुमारे ४०० पट चांगलं उष्णतावाहक आहे. गरम पुंगळी बाहेर पडते तेव्हा ती थोडी उष्णताही बरोबर घेऊन जाते. पश्चिम जर्मनीत हेकलर अँड कॉख कंपनीनं जी११ ही पुंगळीच नसलेल्या काडतुसांची रायफल केली, तेव्हा तापलेल्या चेंबरमध्ये दारू आपोआप पेटण्याचा त्रास झाला. पण हा प्रश्न भराभर झाडणाऱ्या शस्त्रांचा. पिस्तुलात तो दुय्यम.

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा हिशोब. सैन्यांना प्लास्टिकची पुंगळी हवी असते ती मुख्यतः वजनासाठी. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलचं काडतूस साधारण १२ ग्रॅमचं असतं. त्यात गोळी सुमारे ४ ग्रॅम आणि पुंगळी ६. म्हणजे सैनिक निम्मं वजन पितळेचंच वाहतो. जड मशीनगनच्या .५० काडतुसात तर एका पुंगळीचंच वजन ५० ग्रॅमच्या पुढे. म्हणूनच अमेरिकेच्या मरीन दलानं २०२० मध्ये प्लास्टिकच्या पुंगळीची .५० काडतुसं मागवली. गंमत अशी की ९ मिलिमीटरचं काडतूसही साधारण १२ ग्रॅमचंच भरतं, पण त्यात ८ ग्रॅमपर्यंत गोळीच असते आणि पुंगळी जेमतेम ४. धातूचा तळ ठेवून वरचं प्लास्टिक केलं, तर दोन-अडीच ग्रॅम वाचतील. पंधरा काडतुसांचं मॅगझिन धरलं तर तीस-पस्तीस ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याहूनही कमी. दाबाच्या बाबतीत पिस्तूल रायफलपेक्षा सौम्य, म्हणून प्लास्टिक तिथे टिकणं सोपं. पण फायदाही तिथेच सर्वात कमी. जिथे जमेल तिथे गरज नाही आणि जिथे गरज आहे तिथे जमवणं कठीण, अशी ही कोंडी आहे.

कठीण तिथेही लोक भिडले आहेत. अमेरिकेच्या सैन्यानं नव्या ६.८ मिलिमीटर रायफलसाठी स्पर्धा लावली, तेव्हा टेक्ससच्या ट्रू व्हेलॉसिटी कंपनीची प्लास्टिक पुंगळी अखेरपर्यंत शर्यतीत होती. टेक्स्ट्रॉन या दुसऱ्या स्पर्धक कंपनीच्या काडतुसात तर गोळी पूर्णपणे प्लास्टिकच्या आवरणात बुडालेली होती. एप्रिल २०२२ मध्ये निवड झाली सिग सावरची. तिच्या पुंगळीचा तळ पोलादी आणि अंग पितळेचं. जोड आहेच, पण दोन धातूंचा. पिस्तुलातही तसंच काही घडलं. २०१६ च्या सुमारास शेल शॉक या अमेरिकन कंपनीनं ९ मिलिमीटरसाठी ॲल्युमिनियमचा तळ आणि निकेलयुक्त पोलादाचं अंग अशी दोन तुकड्यांची पुंगळी आणली, पितळेच्या निम्म्या वजनाची. पितळेला तोड निघाली ती धातूतूनच.

वजनानंतर राहतो पैसा. तांबं महाग होतं तसा प्लास्टिकचा मुद्दा जोर धरतो. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला छोट्या शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना १९६४ पासून आहे, खडकीचा त्याहून जुना, १८६९ चा. अशा ठिकाणी दर पुंगळीमागे वाचलेला पैसासुद्धा वर्षाकाठी मोठा दिसेल. पण हिशोब करताना पितळेची परत येणारी किंमतही धरली पाहिजे. अमेरिकेत हौशी नेमबाज रिकाम्या पुंगळ्या वेचून घरी नव्यानं भरतात. आपल्याकडे पोलिसांच्या सरावानंतर पुंगळ्या मोजून जमा केल्या जातात आणि भंगारातही पितळेला भाव असतो. हा भाव इतका की लष्कराच्या गोळीबार मैदानांवर गरीब माणसं जीव धोक्यात घालून धातू वेचतात. प्लास्टिकच्या पुंगळीसाठी कुणी वाकणार नाही. ती मातीत राहील, आणि धातूचा तळ चिकटलेला असल्यामुळे धड वितळवताही येणार नाही. माझ्या धंद्याविरुद्ध बोललो तरी हे लपवता येत नाही.

तपासाच्या बाजूनं मात्र मोठी अडचण येईल असं मला वाटत नाही. मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पुंगळीवर जे पाहतात, त्यातल्या सुईच्या खुणा आणि आकड्याचे ओरखडे तळावरच असतात, आणि तळ धातूचाच राहणार. धातू शोधणाऱ्या तपासणी यंत्राला फसवण्याची भीतीही तशीच निराधार: तळ, प्रायमर आणि गोळी, तिन्ही धातूच.

उद्या कुणी मला पिस्तुली काडतुसाचा साचा करायला सांगितला, तर मी ९ मिलिमीटरला हात लावणार नाही. मी सरावाच्या रिव्हॉल्व्हर काडतुसापासून सुरुवात करीन. कडा धातूची, दाब कमी, काठावर धक्का नाही, आणि पुंगळी हातानं काढायची, त्यामुळे अडकली तर फार बिघडत नाही. अमेरिकेतल्या स्पीअर कंपनीनं हेच एका टोकाला नेऊन दाखवलं होतं. तिच्या .३८ आणि .४४ च्या सराव-काडतुसांत पुंगळी आणि गोळी दोन्ही प्लास्टिकच्या. दारू अजिबात नाही, एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी उडायची. गोळी आणि पुंगळी उचलायची, नवा प्रायमर बसवायचा आणि पुन्हा झाडायची.